डब्यावर वीस लिहिलंय

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माणसाने काय करावं याबद्दल लोकांची मतं ठाम असतात. नोकरीचं बघावं, लग्नाचं बघावं, गेलाबाजार तोंड पाडून बसावं. शाळेचं पुस्तक उघडावं, असं मात्र कुणाच्याच यादीत नसतं. चष्मेवाल्याच्या मुलीने ते दुकानाच्या काउंटरवर भरदुपारी उघडलं आणि चार भल्या माणसांना विनाकारण वाईट वाटलं.

कारण साधं होतं. तिच्या बाबांनी तीस वर्षं लोकांचे डोळे तपासले होते, पण तसं शिक्षण झाल्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. आता नियम आला, की तीन वर्षांनंतर बिनकागदाच्या माणसाने नुसत्या फ्रेमा विकाव्यात. कागद हवा तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याला प्रवेश हवा तर शाळेच्या शेवटच्या परीक्षेतलं भौतिकशास्त्र, लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत वेगवेगळं पास. हातात एकच वर्ष होतं. एक डाव हुकला की दुकानाची तपासणीची खुर्ची अडगळीत.

शाळेत तिने भौतिकशास्त्र घेतलंच नव्हतं. काकांनी सांगितलं होतं, "अक्षर सुंदर आहे पोरीचं, इतिहासाला घाला." काका म्हणजे घराचे सल्लागार. त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगे त्यांचा सल्ला न ऐकल्यामुळे उत्तम नोकरीत होते.

कॉलेजात विभागप्रमुखांना तिच्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक दिसलं.

"धाकट्या भावाचं का?"

"नाही सर, माझंच."

"लोक पुढे शिकतात. तुम्ही मागे शिकायला निघालात."

विभागप्रमुख स्वतः पुढेही जात नसत आणि मागेही. एकोणीस वर्षं ते एकाच वहीतून शिकवत होते. त्या वहीच्या मधल्या पानावर चहाचा डाग होता आणि डाग आला की ते एका तहाचं साल अंदाजाने सांगत. तिच्या वर्गाने ते साल निमूटपणे लिहून घेतलं होतं, तिच्या आधीच्या अठरा वर्गांनीही. वेगवेगळं.

शिकवायला कुणी नसल्यामुळे तिचं एक मोठं नुकसान झालं. पुस्तक समजून घ्यावं लागलं. सकाळी तह, दुपारी घर्षण, मधे एखादं गिऱ्हाईक. भिंगांचा धडा आला तेव्हा मात्र तिला हसू आलं. हे तर ती दहा वर्षांची असल्यापासून करत होती. बाबा हातात भिंग द्यायचे आणि म्हणायचे, "खिडकीसमोर धर. समोरच्या भिंतीवर खिडकी उलटी आणि स्वच्छ पडली, की भिंतीपासूनचं अंतर मोज. भिंग खोटं बोलत नाही. पाकीट बोलतं." पाकिटावरच्या नंबरावर बाबांचा कधीच विश्वास नव्हता. प्रत्येक भिंग ते खिडकीला दाखवूनच फ्रेममध्ये बसवत.

लेखी परीक्षा छान गेली. प्रात्यक्षिकाला, बाहेरून बसणाऱ्यांना नेमून दिलेल्या शाळेत ती गेली, तेव्हा प्रयोगशाळेचं कुलूप तेल घालून उघडत होते. त्यावरून वर्षभराच्या प्रयोगांचा अंदाज यावा. प्रयोग अगदी घरचा निघाला. मेणबत्ती, भिंग, पडदा, आणि भिंगाचं नाभीय अंतर काढा. भिंगाच्या पत्र्याच्या डब्यावर पिवळी पडलेली कागदी पट्टी होती: २० सेंमी.

तिने पाच वेळा मोजलं. पाचही वेळा पंचवीस आलं. तिने स्वतःवर संशय घेतला, कारण हा विषय ती शाळेत शिकलेली नव्हती. मग भिंग उचलून खिडकीसमोर धरलं. भिंतीवर खिडकी उलटी पडली. पंचवीस. दुकानाच्या भाषेत हा प्लस चार होता आणि डबा त्याला प्लस पाच म्हणत होता.

शेजारच्या टेबलावरची दोन वेण्यांची मुलगी कुजबुजली, "ताई, किती आलं?"

"पंचवीस."

"अहो, वीस. डब्यावर लिहिलंय की."

"तू मोजलंस?"

"मोजायचं कशाला? डावीकडचं अंतर मनानं टाकायचं, उजवीकडचं वीसवरून काढायचं. मधे एखादं एकोणीस पूर्णांक नऊ येऊ द्यायचं. सर म्हणतात, त्यानं खरं वाटतं."

मुलीच्या टेबलावरची मेणबत्ती पेटवलेलीच नव्हती. अठ्ठावीस मुलांच्या त्या खोलीत मेणबत्ती फक्त एकीच्या टेबलावर पेटली होती.

परीक्षक आले. बाहेरच्या शाळेतून आले होते आणि मनाने केव्हाच परत गेले होते. त्यांनी कागदाच्या तळाशी पाहिलं. वरचं वाचण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"हे काय?"

"पंचवीस आलं, सर."

"डब्यावर वीस लिहिलंय."

"डबा चुकलाय, सर. एकदा खिडकीसमोर धरून बघता का?"

"मी खिडक्या बघायला आलेलो नाही." मग ते जरा मऊ झाले. "लेखी कशी गेली?"

"चांगली."

"मग इथे कशाला आपटताय? तुम्हा बाहेरून बसणाऱ्यांचं हेच. शाळेत गेला असतात, तर हे कळलं असतं."

यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी एक कोरा कागद टेबलावर सरकवला. "दहा मिनिटं आहेत. पंचवीसला मी नापास देणार, आणि मला त्याचं वाईटही वाटणार नाही."

तिला बाबांची खुर्ची आठवली. तिने मेणबत्ती फुंकली. पुढच्या कामाला उजेड लागणार नव्हता. पाच नोंदी चार मिनिटांत झाल्या. एक एकोणीस पूर्णांक नऊ, एक वीस पूर्णांक एक. वर्षभरात न उमगलेला शाळेचा तेवढा एक धडाही झाला.

घरी बाबांनी विचारलं, "भिंग कितीचं होतं?"

"पंचवीसचं."

"आणि लिहिलंस?"

"वीस."

बाबा फ्रेमचा स्क्रू पिळत राहिले. स्क्रू बसल्यावर म्हणाले, "असा चष्मा दिला, तर गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं."

"तिथे जिना नव्हता, बाबा."

"अगं, असतो," बाबा म्हणाले. "जरा पुढे असतो."

निकाल लागला. प्रात्यक्षिकात तीसपैकी अठ्ठावीस. प्रवेश पक्का झाला. काका सगळ्यांना सांगत सुटले, "मी म्हणालोच होतो, अक्षर सुंदर आहे."

प्रमाणपत्र आणायला ती त्याच शाळेत गेली तेव्हा पिशवीत कागदाची एक नवी पट्टी होती. तिच्या सुंदर अक्षरात: २५ सेंमी. प्रयोगशाळेचे सहायक डबे पुसत होते. तिने ओळख सांगितली, डबा मागून घेतला, जुनी पट्टी नखाने सोडवली आणि नवी लावली.

सहायकांनी चष्मा कपाळावर ढकलून ती वाचली. "हे काय केलंत, ताई?"

"भिंग पंचवीसचं आहे, काका."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"वीसचं माझ्याच हातून फुटलं. अकरा वर्षं झाली. बाजारात पंचवीसचं मिळालं, ते ठेवलं. डबा तोच." त्यांनी नवी पट्टी हलकेच काढली. रागाने नव्हे, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. "मुलांनी वीस पाठ केलंय. सरांच्या वहीतही वीसच आहे. हे असं ठेवलं, तर पुढच्या वर्षी एखादा खरंच मोजायला बसेल आणि नापास होईल. तुम्हाला चालेल?"

सहायकांनी जुन्या पट्टीला मागून डिंक लावला आणि ती डब्यावर ठेवली. एक कोपरा वर राहिला. त्यांचे दोन्ही हात डिंकाने भरले होते.

"तेवढा दाबा ना, ताई."

तिने अंगठ्याने दाबला. नीट बसेपर्यंत.