टाकीतलं शेवटचं पेट्रोल

आमचे जावई एकटेच, मध्ये कुठेही न उतरता, विमानाने पृथ्वीला फेरी मारणार आहेत असं मी कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग हळूच विचारायचा, मुलगी बरी आहे ना? बरी होती. सहा वर्षं नवऱ्याबरोबर शेडमध्ये ते विमान घडवत होती आणि मजेत होती. जावई शेतांवर औषध फवारायची विमानं चालवायचे. मी काहीही बोलले तरी नुसते हसायचे. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरायचं.

मी वेल्डर. दुधाच्या टँकरवरच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. सांधा माझ्या हातचा असेल तर पाणी सोडाच, वाससुद्धा बाहेर येत नाही. त्यामुळे विमानाच्या पोटातली मोठी टाकी कुणी करायची यावर घरात चर्चाच झाली नाही. मीच करणार होते, आणि वर चार शब्द ऐकवणारही होते.

टाकीचं ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअरच्या कानावर कायम पेन्सिल असायची, म्हणून मी त्याला पेन्सिलच म्हणायचे. माणूस हुशार, पण टाकी कधी स्वतः धुतलेली नाही. त्याने पेट्रोल बाहेर यायचं तोंड टाकीच्या पुढच्या टोकाला दाखवलं होतं. मी मनात म्हटलं, घ्या, ही शिकलेली माणसं! तोंड मागेच असतं. टँकर मागे जरा कलता उभा केला की शेवटच्या थेंबापर्यंत दूध बाहेर येतं. मी तोंड मागे बसवलं, तिथून नळी कडेकडेने पुढे आणली आणि वरून विमानाच्या तळाची फळी ठोकून सगळं झाकून टाकलं. कुणाला विचारायला गेले नाही.

चाचणीच्या दिवशी टाकी पूर्ण भरली आणि पंपाने उपसली. विमान जमिनीवर शेपटीच्या चाकावर टेकून, नाक वर करून उभं असतं. त्यामुळे टाकी कोरडी ठणठणीत झाली. पेन्सिल खूश. ड्रॉइंगप्रमाणेच केलंत ना, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, त्याहून चांगलं केलंय. मी बढाई मारतेय असं वाटून तो हसला, आणि विषय तिथेच संपला.

जावई निघाले तो दिवस मी मोजणारच नाही, इतकी मी त्या दिवशी चिडचिड केली. पुढचे तीन दिवस मुलगी शेडमधल्या टेबलाशी उपग्रहावरून चालणारा फोन घेऊन बसलेली. जावई विमान आपोआप चालवणारं यंत्र लावून वीस-वीस मिनिटं झोपायचे, आणि ही त्यांना फोन करून उठवायची. मी जेवण न्यायचे, तिला आणि पेन्सिलला दटावून खायला घालायचे. चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले की पेट्रोल संपत आलं तसं विमान हलकं झालंय, आता नाक खाली घालून पळतंय. सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळपर्यंत ते घरी पोचणार होते, म्हणून शेडवाले फुलं आणायला गेले आणि मी कामावर गेले. बसून राहिले असते तर कुणाशी तरी वाजलंच असतं.

दुपारी एक टँकर धुऊन आत आला. ड्रायव्हर नवा. त्याने तो उताराकडे तोंड करून, म्हणजे पुढची बाजू खाली आणि मागची वर, असा उभा केला होता. मागचा नळ उघडला तर धार आली, बारीक झाली आणि थांबली. तो म्हणाला, बाई, पाणी संपलं. मी वर चढून झाकण उघडलं. आत पुढच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचलेलं. मी खेकसले, अरे नाक खाली करून लावल्यावर येईल कसं पाणी मागे?

आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं. तशीच शिडीवर बसले. हवेत ते विमानही नाक खालीच घालून चाललं होतं. टाकीचं तोंड मागे होतं, आणि उरलेलं पेट्रोल पुढे.

त्याच टँकरमध्ये बसून मी शेडवर गेले. ड्रायव्हर बिचारा सारखा हॉर्न वाजवत होता. पेन्सिलला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की तोंड मी मागे बसवलंय, तुमचं ड्रॉइंग बरोबर होतं, आणि आता हवं तर माझ्या थोबाडीत मारा. तो पांढराफटक पडला. पण लगेच कानावरची पेन्सिल काढून हिशोबाला बसला. त्याच्या जागी मी असते तर समोरच्याला आधी झोडपलं असतं. त्या मुलाचे हे उपकार मी विसरणार नाही.

हिशोब असा निघाला. काट्यावर तीन तासांचं पेट्रोल दिसत होतं. घर दोन तासांवर, आणि मधला सगळा पट्टा समुद्राचा. पण त्या तीनातलं दीड तासाचं पेट्रोल पुढे अडकलेलं असणार. म्हणजे शेवटचा अर्धा तास पाणी आणि बंद इंजिन. सुदैवाने जावई अजून किनाऱ्यावरच होते आणि खाली एक लहान विमानतळ होता.

आधी दुसरा उपाय करून बघितला. पेन्सिलने त्यांना वेग कमी करून नाक वर उचलायला सांगितलं, म्हणजे पेट्रोल मागे येईल. थोडं आलं, मग नळीत हवा शिरली आणि इंजिन खोकायला लागलं. मुलीने डोळे मिटून घेतले. पेन्सिल म्हणाला, बस, पुन्हा नको.

आता उतरणं एवढंच उरलं होतं, आणि ते जावयांना पटेना. सहा वर्षं घातली होती हो माणसाने. पृथ्वी जवळजवळ पुरी झाली होती. ते म्हणाले की काटा तीन तास दाखवतोय, तुमचा हिशोब अंदाजाचा आहे, मी हळूहळू येतो. पेन्सिलने समजावलं, मुलीने समजावलं. मग मुलीने माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. तोवर तिला सगळं कळलं होतं. ओरडली नाही, रडली नाही, फोन दिला.

"जावईबापू," मी म्हटलं, "टाकीत किती आहे ते काटा सांगतोय. तुमच्यापर्यंत किती येणार ते मी सांगते. टाकी मी केली आहे, आणि चुकीची केली आहे. खाली उतरा."



"तुम्ही चुकलात असं म्हणताय?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणतेय."

"मग खरंच असणार," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

पुढचा अर्धा तास कसा काढला ते माझं मलाच माहीत. मी देवाचं नाव घेतलं नाही, कुणाला नवस बोलले नाही. एकेक सांधा आठवत बसले आणि त्या टाकीलाच म्हणत राहिले, बाई गं, एवढं खाली येईपर्यंत दे. फुलं आणायला गेलेली मंडळी परत आली होती आणि दारातच उभी राहिली होती.

फोन वाजला. मुलीने उचलला, ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"उतरलो," जावई म्हणत होते. "चाकं टेकली आणि धावपट्टीवरच इंजिन बंद पडलं. दोघंजण ढकलत बाजूला घेताहेत." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "काटा अजून अडीच तास दाखवतोय."

 घर दोन तासांवर होतं. पेन्सिलने खुर्ची ओढली आणि खाली मान घालून बसला. पेट्रोल आमच्या हिशोबापेक्षाही जास्त अडकलं होतं.

न उतरता फेरी पुरी करायचा विक्रम हातचा गेला होता. सहा वर्षं गेली होती, आणि ती माझ्या हाताने गेली होती. तरी खरं सांगते, एवढी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते. मुलीने मला घट्ट धरलं. आभार देवाचे मानावेत की त्या ड्रायव्हरचे, कळेना, म्हणून मी मनातल्या मनात दोघांचेही मानले.

मी फोन घेतला आणि माफी मागायला लागले. 

"आत्ता नको," जावई म्हणाले. ते हसत होते, किंवा रडत होते, मला फोनवर नीट कळलं नाही. "घरी येतो, मग आपण सावकाश भांडू."

"या," मी म्हटलं. "लवकर या."