हर्षाचा दाखला

"वाच, चांगली मोठ्यानं वाच. तुह्या मायच्या कानात जाऊ दे," मैनाबाईंनी फर्मावले आणि भिंतीला टेकून बसल्या.

चौथीतल्या हर्षाने पुस्तक मांडीवर घेतले, ओळीखाली बोट धरले आणि मोराचा धडा सुरू केला. आवाज खणखणीत, अडखळणे नाही. समोर सून आरती मेथी निवडत होती. मुलगा कुंदन गुमान ऐकत होता. बार्शीटाकळीजवळच्या त्या घरात जूनपासून एकच वाद पेटला होता. नातीला अकोल्याच्या कॉन्व्हेंटात घालावे, असा आरतीचा हट्ट होता. आजीला ते नाक कापल्यासारखे वाटे.

वाटणारच. मैनाबाई गावच्या शाळेच्या समितीवर होत्या. शिक्षण सहीपुरते, पण जीभ पंचक्रोशीत नावाजलेली. पट घसरला तर शाळेला कुलूप लागेल, म्हणून उन्हाळाभर त्यांनी घरोघरी जाऊन बायांना झापले होते. टाय आवळल्यानं गळ्यातून इंग्रजी निघते काय, असे त्या विचारत. खुशालरावांच्या सुनेने तर या तोंडाला भिऊन दोन्ही पोरं कॉन्व्हेंटातून परत आणली होती.

हर्षा वाचत होती. पंख्याच्या वाऱ्याने दोन पाने उलटली. पोरीचे बोट नव्या पानावर तसेच सरकत राहिले आणि धडाही थांबला नाही. मैनाबाईंना अक्षर कळत नसले तरी चित्र कळत होते. पोरगी मोराच्या पिसाऱ्याचे सांगत होती आणि बोटाखाली विहिरीवर पाणी भरणारी बाई होती.

त्यांनी सुनेकडे पाहिले. आरतीची मान खालीच होती. तिला हे आधीपासून माहीत होते.

मैनाबाईंनी नातीला शाबासकी दिली, पुस्तक मिटले आणि तिला खेळायला पिटाळले.

सकाळी त्या शाळेत गेल्या. चारही वर्ग एकाच खोलीत, सगळे मिळून एकच धडा म्हणत होते. दुसऱ्या गुरुजींची बदली होऊन दीड वर्ष झाले होते. एकट्या शैलामॅडम मोबाईलवर वरून मागवलेली कसलीशी माहिती भरत होत्या. पोरीला वाचता का येत नाही, हे मैनाबाईंनी आडपडदा न ठेवता विचारले. मॅडम चिडल्या नाहीत. पहिलीला अक्षरे शिकवते तोवर चौथी पाठ म्हणत बसते, त्या म्हणाल्या. हर्षा तीन वर्षं ऐकतेय, तिला सगळं पाठ आहे.

"वाचायला शिकवायचं तर एकेकीजवळ बसावं लागतं, मैनाबाई. मी कोणाजवळ बसू?"

शिक्षक मागणारे तीन अर्ज गेले होते. तिन्हींवर मैनाबाईंची सही होती.

 मैनाबाई म्हणाल्या, "तिचा दाखला लिवा."

"तुम्ही मागता?"

"मी नाही त कोन मांगन? पोराले माह्यासमोर तोंड नाही."

मॅडम पटाचे काही बोलू लागल्या.

"मले ठाव हाय. लिवा."

घरी येऊन त्यांनी तो कागद आरतीपुढे टाकला. "घे. आता तरी मान वर कर." आरती रडली. तुमीबी चाला अकोल्याले, म्हणाली. वाडीतल्या वांग्यांना पाणी तुहा बाप देईल काय, असे म्हणून मैनाबाईंनी तो विषय मिटवला. रविवारी अकोल्यातल्या भाड्याच्या खोलीसाठी ऑटोत गाद्या, भांडी चढली आणि कुंदन, आरती, हर्षा बसले. पोरीने वळणापर्यंत हात हलवला.

त्याच संध्याकाळी खुशालरावांची सून दारात येऊन उभी राहिली. 

"माय, मंग मीबी दाखले काढू काय?"

तिला टोमणा मारायचा हक्क होता. तिने मारला नाही, हेच मैनाबाईंना जास्त लागले.

"काढ," त्या म्हणाल्या.

आठवडाभराने मैनाबाईंनी वाफ्यातला हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडला आणि जुडी बांधून शाळेत खिचडीवर टाकायला नेली. स्वयंपाकीण सुभद्राने नेहमीच्या मोठ्या पातेल्याऐवजी चुलीवर लहान गंज चढवला होता. तिने जुडीतून चार काड्या ओढून घेतल्या आणि बाकीची परत दिली.

"एवढ्याचं काम नाही आता, मैनाबाई."

मैनाबाई जुडी घेऊन फाटकाबाहेर पडल्या. घरी तरी एवढा सांबार कोणाच्या ताटावर टाकायचा होता.