पहिलं फूल

थायलंडमधल्या आमच्या रोई-एतकडे माणूस गेला की चितेवर पहिलं कागदी चंदनफूल वाहायचा मान खासदाराला देतात. बाबा गेले तेव्हा आईनेही आमचे खासदार विरोट यांना बोलावलं. बाबांनीच तर त्यांना निवडून आणलं होतं. ‘बंड करून सत्ता बळकावणाऱ्या जनरलांच्या पक्षाबरोबर हा माणूस कधीच बसणार नाही,’ असा शब्द ते दारोदार देत फिरले होते.

निवडणुकीनंतरचं पहिलं आघाडी सरकार वर्षभरात कोसळलं. दुसरं जनरलांच्या पक्षाला घेऊन झालं आणि विरोट त्यात उपमंत्री झाले. बाजारात लोक बाबांना विचारायचे, “काय काका, तुमचे मंत्री मजेत ना?” मग बाबांनी बाजारात जाणंच सोडलं.

अंत्यविधीला विरोट आले ते जनरलांच्या जिल्हाप्रमुखासोबत. पुष्पचक्र एकच होतं, नावं दोघांची.

विरोट मला म्हणाले, “ताई, हे जरा पुढे ठेवा, फोटोत दिसायला हवं. काका मला वडिलांसारखे होते.”

“मग त्यांचा शब्द मोडताना त्यांना विचारलंत?”

“देशाला स्थिर सरकार हवं, ताई. काकांना कळलं असतं.”

“कळलं होतं त्यांना. म्हणून तर घराबाहेर पडत नव्हते.”

मी आईच्या हातात फूल दिलं.

“अगं, मंत्री आहेत ते,” ती कुजबुजली.

“असू देत. पहिलं तू वाहा.”

आई चितेच्या पायऱ्या चढली. विरोट गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि पुढच्या म्हाताऱ्याला हात जोडून विचारू लागले, “काय आजोबा, ओळखलंत ना मला?”