चांदभाईंचा भोंगा

"चाचा, भोंग्याची तार म्या काढून ठिवलीया," बसच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढत मालोजी फिटर म्हणाला. "आता जंगल संपस्तवर गुमान चालवायचं."

भर बाजारात कुणी नाडी ओढून न्यावी, तसं चांदभाईंना झालं.

पिंपरीच्या एका कारखान्याच्या बसवर येण्याआधी चांदभाईंची उमर बोरघाटात ट्रक चालवण्यात गेली होती. वळण आलं की तळहात आपोआप भोंग्यावर. दर हिवाळ्यात ते कामगारांची सहल दाजीपूरला गवे बघायला नेत आणि प्रत्येक वळणावर गव्यांना आगाऊ नोटीस देत. गवेही नोटिशीचा मान राखून शेजारच्या डोंगरावर जात. कामगारांनी आजवर पाहिलं ते फक्त शेण.

दापोडीला घरी आल्यावर मात्र चांदभाई बायकोला, मदिनाला, गव्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवत. गवा दरसाल वीतभर वाढत होता. चांदभाई उद्या निवृत्त व्हायचे, म्हणून यंदा मंडळींनी चाचीलाही आग्रहानं आणलेलं. ती पुढच्याच बाकावर डबा घेऊन बसली होती. आज गवा दिसला नाही तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"त्या झाडाखालीच उभा असतो म्हणत होतात ना?" मदिनानं विचारलं.

"जेवायला गेला असेल."

मागे हशा पिकला.

वळण आलं. तळहात दाबला गेला. भोंगा मुका! घाबरून चांदभाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि तोंडानंच "पोंऽऽ" केलं.

"चाचाऽ!" अख्खी बस ओरडली.

पुढचं वळण दिसताच मदिना उठली आणि तिनं नवऱ्याच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

वळणापलीकडे रस्त्यात गवा उभा होता. काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. उशिरा आलेल्या कामगाराकडे गेटवरचा वॉचमन बघतो, तसं त्यानं बसकडे पाहिलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तो सावकाश कारवीच्या झुडपांत उतरला.

"आयला!" मालोजीला एवढंच सुचलं.

"तुम्ही सांगत होतात त्याहून लहान आहे," मदिना म्हणाली.

चांदभाईंनी लाडू गिळला. "हा धाकटा असेल."

मदिना पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "पण असतो की हो खरंच!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्यात बस जमा झाली. मालोजीनं तार जोडली, नव्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवून पाहिला. चांदभाई तिथून निघाले ते थेट दापोडीला. मदिना स्टेशनवर आली होती. त्यांच्या हातातला रिकामा डबा तिनं आपल्याकडे घेतला आणि ती पुढे चालू लागली.

गल्लीचं वळण आलं. चांदभाईंचा तळहात उचलला गेला आणि हवेत दाबला गेला.

मदिनानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"पोंऽऽ," ती म्हणाली.