ताटातलं नाव

हर्षालीचं लग्न ठरलं, त्याच महिन्यात सुधा मॅडमनी वर्गाला तो उपद्व्यापी गृहपाठ दिला. हर्षाली मूळची येवल्याकडची. आठवडाभर नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायची आणि रविवारी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला बसायची. समाजशास्त्र सोपं असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं तो विषय घेतला होता. सांगणाऱ्याचं तोंड एकदा पाहायला हवं. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की समाजाचे नियम पाळताना दिसत नाहीत. एखादा मोडा, मग कोण कोण धावून येतं ते बघा. ज्यानं कुणाचं नुकसान होणार नाही असा एक बारीकसा नियम मोडायचा आणि काय झालं ते वर्गात येऊन सांगायचं.

पोरांना काय, तेवढंच हवं होतं. तनय नावाचा मुलगा लिफ्टमध्ये दाराकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला, तर एका काकांनी त्याला तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. दुसरी एक मुलगी शेअर रिक्षात बसल्याबसल्या सगळ्या प्रवाशांना नमस्कार करत सुटली, आणि शेजारची बाई पर्स सावरून पुढच्याच थांब्यावर उतरली. वर्ग हसून हसून बेजार झाला. हर्षालीला मात्र काही सुचत नव्हतं.

मग तृप्तीचा फोन आला. तृप्ती म्हणजे होणारी नणंद, महेशची बहीण, हौशी आणि बोलघेवडी. तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं की नाव पक्कं झालं, मनस्वी. महेश-मनस्वी, कसं छान जुळतं. स्टेजमागच्या फलकावर तेच छापायला दिलंय.

लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि सासूनं पेढे वाटून ते सगळ्यांना सांगायचं, ही रीत हर्षालीनं कितीतरी लग्नांत पाहिली होती. पुढे होऊन टाळ्यासुद्धा पिटल्या होत्या. सुपातले हसतात ते असे. आपलंही नाव कधीतरी त्या ताटात जाणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ताई, मला माझंच नाव हवंय," ती म्हणाली. "बदलायचं नाही."

तृप्ती खळखळून हसली. तिला ती थट्टाच वाटली.

'सामाजिक नियंत्रण' नावाचा धडा मॅडमनी नुकताच शिकवला होता. हसणं, चुचकारणं, टोमणे, कुजबुज, अबोला, अशी समाजाची हत्यारं त्यात सांगितली होती. पुढच्या काही दिवसांत होणारे सासरे खंडेराव यांच्या घरानं तो अख्खा धडा हर्षालीवर चालवून दाखवला, तोही पुस्तकातल्या क्रमानं. हसून झालं. मग तृप्तीनं गोडीगुलाबीनं समजावलं की कागदोपत्री राहू दे तुझंच, हे आपलं घरातल्या हौसेपुरतं. हौस यांची आणि नाव हिचं! हर्षालीनं विचारलं, घरातल्या माणसांनीच हाक मारायची ना, मग कागदावरचं घेऊन मी काय करू? यावर टोमणे सुरू झाले. खंडेरावांची निफाडकडे द्राक्षबाग आणि नाशकात खताचं दुकान. शिकलेली सून करायची म्हणजे आता घरालाही तिचंच नाव द्यावं लागेल, असं ते दुकानात आल्यागेल्याला सांगू लागले. ते बोलणं फिरत फिरत येवल्याला पोचायला कितीसा वेळ लागणार?

तिची आई नवसाबाई तर घाबरूनच गेली. "बाई, नावानं काय हुतंय? भाकरी तीच थापायचीय ना," ती फोनवर म्हणाली. तिला भीती लग्न मोडण्याची होती. वडील जयराम यांनी फोन हातातच घेतला नाही.

आणि मग महेशचे फोन बंद झाले. हे मात्र हर्षालीच्या जिव्हारी लागलं. लग्न ठरवून झालेलं असलं तरी तिचा त्याच्यावर जीव जडला होता. मिसळ खाताना तो स्वतःच्या तर्रीपेक्षा तिच्या बोलण्याकडे जास्त लक्ष द्यायचा, आणि असं ऐकणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. आता तोच गप्प बसला. ती ऑफिसच्या मागच्या जिन्यात बसून मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा बिल्ट्या फाडायला बसली. नाव मात्र सोडलं नाही.

रविवारी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमच घाबरल्या. गृहपाठासाठी कुणी संसार पणाला लावत नाही, दुसरा एखादा साधा प्रयोग कर, गुण देते, असं त्या म्हणाल्या.

"हा प्रयोग नाही, मॅडम. माझं नाव आहे," हर्षाली म्हणाली.

लग्न मोडलं नाही, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि मांडवात एकदा उभी राहिली की पोरगी आपोआप मऊ होते, असा सगळ्यांचा पक्का हिशेब होता. औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवर थाटात अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या. पाठवणीच्या आधी गुरुजींनी लक्ष्मीपूजन मांडलं आणि तांदळाचं ताट पुढे आलं. मागे फलकावर मनस्वी झळकत होतीच. तृप्ती मोबाइल सरसावून उभी राहिली. गुरुजींनी महेशच्या हातात अंगठी दिली.

महेशनं हर्षालीकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली आणि अंगठी तांदळाला टेकवली.

हर्षालीनं त्याचा हात धरला.

"थांबा," ती म्हणाली. "नवीन संसार आहे, तर दोघांचीही नावं नवीन ठेवू. आधी मी लिहिते."

त्याच्या बोटांतून अंगठी काढून घेऊन तिनं तांदळात ठसठशीत लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "हर्षद. हर्षाली-हर्षद. छान जुळतं."

करवल्या फिसकन हसल्या. मग मोठ्या माणसांचे चेहरे पाहून त्याही गप्प झाल्या. खंडेराव खुर्ची मागे सारून उठले.

"पोरी, हा काय पोरखेळ लावलाय?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "माझ्या बहिणीनं पाळण्यात ठेवलेलं नाव हाय त्याचं. आईबापाच्या घरचं नाव असं कुणी पुसतं का?"

हर्षालीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मागून कुणीतरी बोललं. नवसाबाई. सबंध लग्नात जिनं विहिणीसमोरही मान वर केली नव्हती, ती पदर खोचून पुढे आली होती.

"नाय पुसत, दादा," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं नावबी पाळण्यातच ठेवलंय. तेबी कुणी पुसू नका."

आपणच बोललेलं वाक्य आता गिळायचं कसं, ते खंडेरावांना कळेना. महेशनं तेवढ्या वेळात तळहातानं तांदूळ सपाट केले, हर्षालीसमोर हात पसरून अंगठी मागितली, आणि हळूहळू, एकेक अक्षर गिरवत, हर्षाली असं लिहिलं. त्याचे कान लाल झाले होते. इतके दिवस गप्प बसल्याची लाज त्याला वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती.

खंडेराव तरातरा फाटकाकडे चालू लागले. आता पेढे वाटायचे की नाही, कुणालाच कळेना. सगळ्यांच्या नजरा महेशच्या आईकडे, कुसाबाईंकडे वळल्या. त्या बाईंनी या सगळ्या प्रकरणात आजवर हूं की चूं केलं नव्हतं. त्यांनी पेढ्यांचं ताट उचललं आणि पहिल्या रांगेतल्या जावेपुढे धरलं.

जावेनं पेढा घेतला आणि मुद्दाम, खंडेरावांच्या कानांवर जाईल अशा आवाजात विचारलं, "मग, सुनेचं नाव काय ठेवलं?"

"ठेवायचं कशाला?" कुसाबाई म्हणाल्या. "तिला होतं की."