भोपळ्याची एक फोड

टक्.

उकडलेलं अंडं मी टेबलाच्या कडेवर आपटलं आणि जेवणातली शांतता मोडली. शांतता कसली, संपच तो! माझ्या पाच वर्षांच्या लेकीने, आमच्या भिंगरीने, गाजर-वाटाणे ताटाच्या कडेला सारून तोंडाला कुलूप लावलं होतं.

"मला पण अंडंच. आईसारखं."

आईच्या ताटात वर्षभर अंडी, मांस आणि मीठ एवढाच कारभार होता. त्याआधी माझं पोट असं काही बिघडलं होतं की दोन घास खाल्ले तरी मी पलंगावर मुटकुळं करून पडायची. शिवणाच्या दुकानातलं काम सुटलं. लेकीची वेणी घालायलाही उठवेना. मग डॉक्टरीणबाईंनी सगळ्या भाज्या बंद केल्या आणि दुखणं थांबलं. मी पुन्हा मशीनवर बसायला लागले. आता त्याच बाई म्हणत होत्या, "भाज्या सुरू करून बघा. एका वेळी एकच, सोलून, मऊ शिजवून." मी मान डोलवायची आणि घरी येऊन अंडी उकडायला टाकायची. पुन्हा ते दुखणं नको होतं मला.

घरात दोन तट पडले होते. नवरा म्हणायचा, "सुरळीत चाललंय ना? मग उगाच कशाला छेडायचं?" सासूबाई म्हणायच्या, "जन्म काय अंड्यांवर काढणारेस? तुला बघून कोंबड्या रस्ता बदलायला लागल्यात!"

"दोन वाटाणे खा गं, राणी," मी म्हटलं.

"नको. ते बांधतात."

"काय करतात?"

"बांधतात! तूच मावशीला फोनवर सांगितलंस. मला वाटाणा बांधतो, भोपळा तर फारच बांधतो."

बाधतो म्हणाले होते मी, बाधतो! एका टिंबाने केवढा घोळ! नवऱ्याला ठसका लागला, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. भिंगरी मात्र हसली नाही.

"मी पाहिलंय," ती हळूच म्हणाली. "तू पलंगाला बांधलेली होतीस. मी हाका मारल्या तरी सुटली नाहीस."

मी हातातलं अंडं ताटात ठेवलं. म्हणजे ही पोर इतके दिवस भाजीला नाही, त्या पलंगाला घाबरत होती. आणि मी तरी दुसऱ्या कशाला घाबरत होते?

"घरात भोपळा आहे?" मी सासूबाईंना विचारलं. त्या थेट सुरी घेऊन उठल्या.

"अगं, उद्या दुकानात गणवेशांची घाई आहे," नवरा म्हणाला. "पडलीस म्हणजे?"

"पडले तर उचल. लग्न कशाला केलंय?"

एक फोड. मऊ, केशरी, वर चिमूटभर मीठ. जिभेवर ठेवली आणि डोळेच मिटले. भाजी इतकी गोड असते, हे मी साफ विसरले होते.

दुपारभर घर माझ्या पोटाकडे कान लावून बसलं. मी आडवी झाले, तशी भिंगरी कागद कापायची बोथट कात्री घेऊन उशाशी येऊन बसली.

"ही कशाला?"

"सोडवायला."

पोटात गुर्रर्र झालं. नवरा उभा राहिला, कात्रीही उघडली. पण कळ आली नाही. पोट नुसतं बोललं आणि गप्प झालं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसून गणवेशांच्या कॉलरी शिवत होते, आणि संध्याकाळी चालत घरी आले. मग दोन फोडी, मग वाटी. भोपळा जिंकल्यावर गाजराची पाळी. एकदा दुधीने जरा कुरकुर केली, तर त्याला रजा दिली आणि पुढे निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाब्बास!" शाळेतसुद्धा मला इतकं कौतुकाने कुणी म्हटलं नव्हतं.

काल मी सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच पातेल्यातली भाजी वाढून घेतली. नवऱ्याने आपल्या वाटणीचं गाजर माझ्या ताटात टाकलं. सासूबाईंनी कोंबड्यांचं अभिनंदन केलं. भिंगरी मला नीट न्याहाळत एकेक वाटाणा तोंडात टाकत होती. मध्येच ती थांबली.

"आई, आधी भोपळा वाईट होता ना?"

"हो गं."

"मग आता शहाणं कोण झालं? तो की तू?"