मेणानं चिकटलेली पानं

ख्रिस्ताच्या यातनांचं गाणं एकदा सुरू झालं, की शेवटच्या ओळीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही, हा गावाचा नेम. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर बसायच्या, आळीपाळीनं गायच्या. मध्ये पोथी उघडी असायची, पण पानं उलटली जायची ती हाताच्या सवयीनं. इसांगला एक अक्षर येत नव्हतं, तरी अख्खी पोथी तोंडपाठ होती.

त्या सकाळी समोरची रांग गात असताना तिची सात वर्षांची लेक तिनाय पोथीत डोकावून आईला म्हणाली, "नानाय, त्या गातायत ते या पानावर नाहीच!"

इसांगनं पान चाचपलं. मेणबत्तीच्या मेणानं दोन पानं चिकटली होती, आणि गाणाऱ्यांना पत्ताच नव्हता.

"पोरीची पोपटपंची!" दारातून गावच्या चर्चचे पाद्रे व्हिसेंते गरजले. पोरांना लिहा-वाचायला शिकवा, असा मनिलाहून सरकारी हुकूम आल्यापासून मास्तर कालाहो चिंचेखाली वर्ग भरवत होते, तिनायही तिथं जायची, आणि पाद्रेंना तो वर्ग डोळ्यांत खुपत होता. "काय गं इसांग, पोथी तूही घडाघडा म्हणतेस. तुला वाचता येतं?"

इसांगची मान खाली गेली. पोरगी आपल्यासारखीच पाठ केलेलं तर बोलत नसेल ना, ही धाकधूक तिलाही होतीच.

"मी लिहितो, ते हिनं वाचावं. अडली तर वर्ग बंद." पाद्रेंनी गुडघ्यावर कागद ठेवून झरझर ओळ लिहिली. ती इथल्याच भाषेत होती. स्पेनहून आल्यापासूनच्या चाळीस वर्षांत त्यांना ती चांगली अवगत झाली होती.

तिनायनं ओल्या शाईवर फुंकर घातली. "चिंचे... खालचा... वर्ग. आजपासून... बंद. पाद्रे व्हिसेंते."

"अगं बाई!" म्हाताऱ्या मेन्स्या आजीनं पदराआड तोंड लपवलं. "परीक्षेआधीच निकाल, पाद्रे?"

इसांगच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. क्षणापूर्वी ते या माणसाच्या डोक्यात होते, आणि आता तिच्या लेकीच्या ओठांवर होते! नऊ महिने पोटात वाढवलेलं हे पोर तिला एकाएकी केवढं तरी मोठं दिसलं.

"वाचलं ना? मग तसंच होईल," पाद्रे म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या रांगेचं कडवं संपलं. आता इसांगच्या रांगेची पाळी, पण सगळ्याजणी पाद्रेंकडेच बघत होत्या. इसांगनं नखानं मेण खरवडलं, पानं सोडवली आणि पोथी लेकीपुढे सरकवली.

"घे, बाळा. खंड पडायला नको."

पाद्रेंनी थांबवायला हात वर केला. पण ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात हे गाणं थांबवायचं कुणी, आणि कोणत्या तोंडानं? हात तसाच खाली आला.

तिनाय ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचू लागली. चाल नव्हती, नुसते शब्द होते. जन्मभर गायलेलं इसांग पहिल्यांदाच ऐकत होती. बोट जिथं टेकत होतं, शब्द तिथंच उमटत होता.